स्टराइल बल्क लायो: ट्रेच्या कडा कोरड्या, मधला भाग ओला

शीतकपाट

उघड्या स्टीलच्या ट्रेमध्ये स्टराइल बल्क (व्हायलमध्ये, म्हणजे इंजेक्शनच्या बाटलीत, भरण्याआधीचं निर्जंतुक औषध) लायोने, म्हणजे गोठवून व्हॅक्यूममध्ये, सुकवताना एकाच ट्रेत आर्द्रतेचा एवढा फरक का पडतो, आणि दुरुस्तीला हात कुठून घालायचा, यावर नीट चर्चा हवी आहे. व्हायलच्या लायोबद्दल भरपूर लिहिलेलं सापडतं, बल्कबद्दल फारच थोडं.

सायकल अशी: अमॉर्फस (स्फटिक न होणारं) सोडियम सॉल्ट, पाण्यात १२ टक्के द्रावण, ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून थेट ट्रेमध्ये. ट्रे ३१६एल स्टीलचे, ६०० बाय ४०० मिमी, द्रावणाची खोली १८ मिमी. टीजी-प्राइम (ज्याच्या वर गोठलेला माल मऊ पडतो ते तापमान) उणे २६ अंश. शेल्फ (ट्रेखालची थंड-गरम होणारी फळी) उणे ४५ ला ३ तास. मग ०.१३ मिलीबार व्हॅक्यूम, शेल्फ उणे ५ ला ४० तास (प्रायमरी: बर्फाची थेट वाफ). नंतर मिनिटाला अर्धा अंश चढवत ४० अंश, तिथे १० तास (सेकंडरी: उरलेलं पाणी काढणं).

निकाल: कडेला ०.८ टक्के आर्द्रता, मध्यभागी ३.५. मर्यादा २ टक्के. काही ट्रेमध्ये केक (सुकलेल्या मालाची वडी) उचलला की मधोमध तळाला काचेसारखा चिकट थर लागलेला. मिलिंगला (दळताना) तोच भाग गोळे करतो.

तीन सूचना पुढे आल्या आहेत: शेल्फ आणखी गरम करा, सेकंडरी ड्राईंग १० वरून २० तासांवर न्या, व्हॅक्यूम ०.०५ पर्यंत खोल करा. यातलं काय बरोबर?

---

हिमकण

तिन्ही थांबवा, आधी हिशोब करू.

एका चौरस मीटरवर १८ मिमी म्हणजे ढोबळमानाने १८ किलो द्रावण. त्यातले १२ टक्के घन पदार्थ वजा केले की १६ किलो बर्फ. तो ४० तासांत काढायचा तर ताशी ०.४ किलो निघाला पाहिजे. बर्फाची थेट वाफ व्हायला किलोला साधारण २८४० किलोज्यूल लागतात, म्हणजे दर चौरस मीटरला सतत ३१५ वॅट आत जायला हवेत. ट्रेचा तळ शेल्फला नीट टेकलेला असेल आणि उष्णता जाण्याचा गुणांक १२ धरला (वॅट प्रति चौ.मी. प्रति अंश), तर शेल्फ आणि माल यांच्यात २६ अंशांचा फरक पडतो. शेल्फ उणे ५, माल उणे ३१. टीजी-प्राइमपासून ५ अंश खाली. इथपर्यंत सायकल ठीक बेतलेली आहे.

आता मध्यभागी तोच गुणांक ८ वर आला असं धरा. तिथला माल जास्त थंड राहील, उणे ३३ च्या आसपास. आत जाणारी उष्णता २२५ वॅट, बर्फ निघण्याचा वेग ताशी ०.२८ किलो. १६ किलोला ५६ तास. तुम्ही चाळिसाव्या तासाला शेल्फ ४० अंशांकडे न्यायला घेता, तेव्हा मध्यभागी तळाला अजून साडेचार किलो, म्हणजे ५ मिमी बर्फ शिल्लक असतो. तो वितळतो. तुमचा काचेसारखा थर म्हणजे वितळून मग सुकलेलं द्रावण. त्याला छिद्रं नसतात, त्यामुळे सेकंडरी २० तास केलं तरी त्यातलं पाणी बाहेर येत नाही.

म्हणजे दोष सेकंडरीचा नाही, प्रायमरी मध्यभागी संपलेलंच नाही.

व्हॅक्यूम खोल करण्याचा सल्ला तर उलटा पडेल. 'व्हॅक्यूम जितका खोल तितकं लवकर सुकतं' हा समज लायोच्या खोलीत फार घट्ट बसलेला आहे. ट्रे आणि शेल्फ यांच्यातल्या फटीत उष्णता मुख्यतः तिथल्या विरळ वायूतून जाते. दाब कमी केला की तो वायूही कमी होतो आणि जी मध्यभागाची अडचण आहे तीच वाढते. ०.०५ ला माल आणखी थंड होईल आणि आणखी सावकाश सुकेल.

दाबाचा अंदाज बांधायला बर्फाचा बाष्पदाब डोक्यात असावा: उणे २० ला १.०३ मिलीबार, उणे ३० ला ०.३८, उणे ४० ला ०.१३, उणे ५० ला ०.०४. माल ज्या तापमानाला ठेवायचा तिथल्या बाष्पदाबाच्या २० ते ३० टक्के चेंबरचा दाब, ही चांगली सुरुवात. उणे ३१ साठी ०.०७ ते ०.१० येतो. तुमचा ०.१३ त्याच्या थोडा वर आहे. बल्क ट्रेला असा थोडा जास्त दाबच मानवतो, कारण फट व्हायलपेक्षा मोठी असते.

---

पत्रा_आणि_पाना

हिमकण यांनी गुणांक ८ 'धरला'. तो ८ का होतो ते सांगतो. ट्रे उलटा करून बघा.

०.१३ मिलीबारला, नुसत्या वायूतून जाणारी उष्णता धरली तर: फट नसल्यासारखी असेल तेव्हा गुणांक १३ च्या आसपास, १ मिमी फटीला ८, ३ मिमी फटीला ४. किरणांतून आणि धातूच्या थेट स्पर्शातून येणारी भर वेगळी, पण ती थोडी. एका मिलिमीटरने सुमारे ४० टक्के उष्णता कमी होते. पत्र्याच्या ट्रेला १ मिमी बाक यायला काहीच लागत नाही.

बाक कुठून येतो? एक, डिपायरोजनेशन, म्हणजे जंतूंची ताप आणणारी विषं उष्णतेने नष्ट करणं. २५० अंशाला किमान ३० मिनिटं ठेवायचे म्हणून ट्रे ओव्हनमध्ये एकावर एक रचतात, खालच्यांवर वजन येतं आणि गरम पत्रा बसतो. प्रत्येक ट्रेला स्वतंत्र आधार देणारी रॅक हवी. दोन, केक सुटावा म्हणून ट्रे उलटा करून आपटणं. तीन, कोपऱ्यांचं वेल्डिंग: तिथे ताण राहून गेलेला असतो आणि पहिल्या दहा-वीस उष्ण फेऱ्यांत तो तळ वर उचलतो.

तपासायची पद्धत: ग्रॅनाइटच्या सपाट पाटावर ट्रे ठेवा, त्यात ठरलेल्या खोलीइतकं पाणी भरा (रिकामा ट्रे आणि साडेचार किलोचा ट्रे वेगळा बसतो), आणि चारही बाजूंनी फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) सरकवा. मध्यभागासाठी ट्रे रिकामा करून उलटा करा, तळावर स्ट्रेट-एज कर्णरेषेत धरा आणि मधली फट मोजा. अर्ध्या मिलिमीटरच्या वर गेला तर ट्रे बाजूला काढा. ओल्या डागाची जागाही बोलते: मध्यभाग ओला म्हणजे तळ वर उचललेला, एक कोपरा ओला म्हणजे ट्रे डगमगतोय, एक पूर्ण बाजू ओली म्हणजे शेल्फ तिरका आहे किंवा ट्रे शेल्फच्या कडेवर चढलाय.

प्रत्येक ट्रेवर क्रमांक कोरा आणि आर्द्रतेचे आकडे त्या क्रमांकाखाली लिहा. क्रमांक नसेल तर तोच वाकडा ट्रे दर बॅचला वेगळ्या शेल्फवर जातो आणि सगळे शेल्फला दोष देत बसतात.

---

प्रमाणपत्र

पत्रा_आणि_पाना यांच्या म्हणण्याला नियमाचाही आधार आहे. युरोपीय जीएमपीच्या, म्हणजे औषधनिर्मितीच्या नियमावलीच्या, अॅनेक्स १ च्या २०२२ च्या सुधारित आवृत्तीत लायोच्या ट्रेबद्दल स्वतंत्र कलम आहे: ते वाकलेले किंवा खराब झालेले नाहीत ना, हे नियमित तपासायचं. हे कलम बऱ्याच ठिकाणी 'दिसायला ठीक' एवढ्या एका रकान्यात आटोपतात. मोजमाप लिहा. ६० ट्रे मोजायला एक पाळी पुरते.

---

शेल्फ४

तिरक्या शेल्फचा आकडा देतो. ट्रेच्या लांबीत शेल्फ २ मिमी उतरता असेल, तर १५ मिमीच्या भरण्यात एका टोकाला १४ आणि दुसऱ्याला १६ मिमी द्रव. केकमधून वाफ बाहेर पडण्याचा अडथळा जाडीबरोबर वाढतो, म्हणून तो अडथळा जिथे मुख्य असतो तिथे वेळ जाडीच्या वर्गाने वाढते. १६ भागिले १५ चा वर्ग म्हणजे १.१४. त्या टोकाला १४ टक्के जास्त वेळ. ३० तासांचे ३४ झाले. शेल्फचा समतलपणा फक्त बसवताना मोजून पुरत नाही, हायड्रॉलिक रॅम आणि लटकत्या सळ्यांची झीज झाली की तो बदलतो.

माझी मुख्य सूचना मात्र वेगळी: १८ मिमी खोली सोडा, १२ वर या.

---

शीतकपाट

१२ वर आलो तर बॅच दोन-तृतीयांश होते. उत्पादनाचं काय?

---

शेल्फ४

वाटतं तेवढं घटत नाही. १८ मिमीला प्रायमरी खरंच पूर्ण करायचं तर वरच्या हिशोबाने ५४-५६ तास. गोठवणं, सेकंडरी, काढणं, धुणं, स्टराइल करणं, गळती चाचणी यांचे ३६ तास धरा. हे तास खोलीवर फारसे अवलंबून नाहीत. एकूण ९० तासांत १८ मिमी, म्हणजे ताशी ०.२० मिमी.

१२ मिमीला: उष्णता कमी पडते म्हणून वेळ लागत असेल तर तो जाडीच्या प्रमाणात घटतो, म्हणजे ६७ टक्के, केकचा अडथळा मुख्य असेल तर वर्गाने, म्हणजे ४४ टक्के. प्रत्यक्षात दोन्हींच्या मधे. ५५ टक्के धरू: ३० तास. अधिक ३६, एकूण ६६ तासांत १२ मिमी, ताशी ०.१८ मिमी.

फरक १० टक्क्यांचा. त्या बदल्यात प्रत्येक ट्रेचा तळ वेळेत कोरडा. दर दहा बॅचेसमागे एक नाकारली गेली की ते १० टक्के गेलेच. बल्कमध्ये १० ते १५ मिमी ही सुखाची पट्टी आहे. २० च्या पुढे फक्त मॅनिटॉलसारखा स्फटिक होणारा, उणे १.५ अंशापर्यंत न वितळणारा माल असेल तरच जावं.

---

हिमकण

खोली घटवताना शेल्फ तापवण्याचा मोह होईल, म्हणून एक इशारा. केक पातळ, अडथळा कमी, वेग वाढतो, आणि मग चेंबर ते कंडेन्सरची (वाफ गोठवून पकडणाऱ्या थंड भागाची) नळी आडवी येते. वाफेचा वेग ध्वनीच्या वेगाला पोचला की त्यापुढे कितीही थंड कंडेन्सर असो, नळीतून जास्त वाफ जात नाही. ०.१३ मिलीबारला ५० सेमी व्यासाच्या नळीतून आदर्श गणिताने ताशी १७ किलोच्या आसपास वाफ जाते. व्हॉल्व्ह, वळण आणि नळीची लांबी धरली की त्याहून कमी. २० चौ.मी. शेल्फवर ताशी ०.४ किलो म्हणजे ८ किलो, निवांत. तोच वेग ०.८ केला की १६ किलो, आणि व्हॅक्यूम सुटला. लक्षण ओळखायला सोपं: नायट्रोजनचा ब्लीड व्हॉल्व्ह (दाब राखायला थोडा वायू आत सोडणारा) पूर्ण बंद, कंडेन्सर उणे ६५ ला व्यवस्थित, तरी चेंबरचा दाब सेटपॉइंटच्या वर चढत जातो. अशा वेळी पंप बघत बसू नका, शेल्फ ५ अंशांनी खाली आणा.

---

काचबिंदू

गोठवण्याबद्दल कुणीच बोललं नाही, आणि केकचा अडथळा तिथेच ठरतो.

ट्रेमध्ये बर्फाचा पहिला कण कुठेतरी एका ठिकाणी धरतो आणि तिथून सगळीकडे पसरतो. एक ट्रे उणे ६ ला धरतो, शेजारचा उणे ११ ला. जो जास्त थंड होऊन धरतो त्यात बर्फाचे कण बारीक, म्हणून सुकल्यावर छिद्रं बारीक, म्हणून अडथळा जास्त. ट्रे-ट्रेमधला फरक इथूनही येतो. शिवाय वर एक दाट साय धरते: पाणी गोठताना विरघळलेला पदार्थ पृष्ठभागाकडे ढकलला जातो आणि वरचा थर चिवट होतो. पहिल्या काही तासांत हाच थर वाफ अडवतो, कधी तो फुगून फाटतो.

दोन्हींवर उपाय अॅनीलिंग. उणे ४५ ला पूर्ण गोठवा, मग शेल्फ उणे १५ ला आणून ४ तास ठेवा, पुन्हा उणे ४५. टीजी-प्राइम उणे २६ असल्याने उणे १५ ला अमॉर्फस भाग मऊ होतो, बारीक कण विरघळून मोठ्यांवर चढतात, ट्रे-ट्रेमधला फरक पुसला जातो. प्रायमरीची वेळ लक्षणीय घटते.

किंमतही आहे: केकचा अंतर्गत पृष्ठभाग कमी होतो, त्यामुळे सेकंडरीत पाणी सुटायला जास्त वेळ लागतो. आणि बीटा-लॅक्टॅमसारखा पाण्यात टिकाव न धरणारा माल असेल, तर ते ४ तास दाट, अर्धवट द्रव अवस्थेत त्याचं किती नुकसान होतं ते आधी प्रयोगशाळेत एचपीएलसीवर (घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) मोजा. अशा मालाला द्रावण तयार झाल्यापासून गोठेपर्यंतची मर्यादाही तासांत बांधलेली असावी, टाकी २ ते ८ अंशात.

फॉस्फेट बफर असेल तर सावध. डायसोडियम फॉस्फेट आधी स्फटिक होऊन बाहेर पडतं आणि उरलेल्या द्रवाचा पीएच कित्येक अंकांनी घसरू शकतो. अॅनीलिंग त्याला आणखी वेळ देतं.

---

शीतकपाट

बफर नाही. प्रायमरी संपलं हे ओळखायचं कसं? सध्या तासांवरच चाललंय.

---

हिमकण

पिरानी आणि कपॅसिटन्स मॅनोमीटर, ही दोन्ही दाबमापकं चेंबरवर लावा. कपॅसिटन्स खरा दाब सांगतो, वायू कोणताही असो. पिरानी वायूच्या उष्णतावहनावरून सांगतो, आणि हवेवर कॅलिब्रेट केलेला असल्याने पाण्याच्या वाफेत तो सुमारे १.६ पट दाखवतो. खरा दाब ०.१३ असताना प्रायमरीभर पिरानी ०.२० च्या वर राहतो. वाफ संपून नायट्रोजन उरला की तोही ०.१३ कडे उतरतो. ही उतरण सुरू झाली म्हणजे पहिले ट्रे संपले. दोन्ही जुळले म्हणजे जवळपास सगळे. 'जवळपास' वर जोर देतोय: ६० ट्रेपैकी दोनच ओले राहिले तर त्यांची वाफ इतकी थोडी असते की फरक मापकाच्या चुकीत बुडून जातो.

म्हणून जुळल्यानंतर प्रायमरीच्या एकूण वेळेच्या निदान २० टक्के वेळ शेल्फ न हलवता थांबा. आणि मग दाबवाढ चाचणी: चेंबर आणि कंडेन्सरमधला व्हॉल्व्ह ३० सेकंद बंद, दाब किती चढतो बघा. पहिल्या चांगल्या बॅचेसवरून मर्यादा ठरवा. बर्फ भरपूर असताना ही चाचणी लांबवू नका, दाबाबरोबर माल तापतो.

थर्मोकपलवर (तापमान मोजणाऱ्या तारेवर) बल्कमध्ये फार विसंबू नये. तार जिथे बुडते तिथे बर्फ आधी धरतो, म्हणजे तो ट्रे प्रातिनिधिक राहत नाही. आणि स्टराइल बॅचमध्ये उघड्या ट्रेवर हात नेऊन तारा लावणं ही स्वतःच एक जोखीम.

---

ग्रेड_ए

मुद्दा निघालाच आहे तर लिहितो, कारण सुकवण्याच्या चर्चेत 'स्टराइल' हा शब्द मागे पडतो. व्हायलला वर अर्धवट बसवलेलं बूच तरी असतं. बल्क ट्रे म्हणजे पाव चौरस मीटर उघडा माल, आणि असे ६०. हा माल नंतर पुन्हा फिल्टर होत नाही. जे पडलं ते पेशंटपर्यंत गेलं.

भरणं: ट्रे भरून उचलून नेऊ नका. रिकामे स्टराइल ट्रे शेल्फवर ठेवा आणि फिल्टर झालेला द्रव नळीने तिथेच सोडा, शेवटच्या शेल्फपासून वर. द्रव हिंदकळून ट्रेच्या काठावर गेला की तिथे पातळ पापुद्रा सुकतो आणि नंतर उडतो. फिल्टरच्या आधीचा बायोबर्डन (जंतूंची संख्या) १०० मिलीला १० सीएफयूच्या (वाढू शकणाऱ्या जंतूंच्या) आत, आणि फिल्टरची इंटिग्रिटी (तो कुठे फाटलेला नाही ना) वापरानंतर तपासलेली. वापरण्यापूर्वी, स्टरिलायझेशननंतरची चाचणी अॅनेक्स १ मागतो.

लायोफिलायझर: हाताने, अडथळ्याशिवाय भरत असाल तर प्रत्येक लोडआधी स्टराइल करायचा. लोडिंगबद्दलचं हे ८.१२३ कलम २५ ऑगस्ट २०२४ पासून लागू झालं, बाकी अॅनेक्स वर्षभर आधी. वाफेने १२१ अंश, ३० मिनिटं. थंड जागा कायम त्याच: ड्रेन, व्हेंट फिल्टरची खालची बाजू, रॅमच्या बेलोजच्या घड्या, कंडेन्सरचा तळ. हवा अडकली तर तिथे अडकते, म्हणून आधी व्हॅक्यूमच्या तीन-चार फेऱ्या.

गळती: लायोफिलायझर दिवसन्‌दिवस हवेपेक्षा कमी दाबात असतो. बारीक गळती म्हणजे बाहेरची, न गाळलेली हवा आत. उद्योगात रुळलेली मर्यादा ०.०२ मिलीबार-लिटर प्रति सेकंद. चेंबर आणि कंडेन्सर मिळून ५००० लिटर असेल तर: ०.०२ गुणिले ३६००, भागिले ५०००, म्हणजे तासाला ०.०१४ मिलीबार. एवढीच वाढ चालेल. चाचणीआधी चेंबर खरोखर कोरडा हवा आणि कंडेन्सर थंड. वाफेने धुतल्यावर राहिलेले पाण्याचे थेंब गळतीसारखेच दिसतात. फरक आलेखात ओळखा: सरळ रेषेत चढत राहिला तर गळती, चढून आडवा झाला तर पाणी.

मीडिया फिलमध्ये (औषधाऐवजी जंतू वाढवणारा द्रव वापरून केलेल्या चाचणीत) दोन चुका वारंवार दिसतात. मीडिया गोठवू नका आणि खोल व्हॅक्यूम देऊ नका. गोठणं जंतूंना मारू शकतं, खोल व्हॅक्यूमला मीडिया उकळून उडतो. अंशतः व्हॅक्यूम, आणि तो तोडायला नायट्रोजन नव्हे, गाळलेली हवा. नायट्रोजनमध्ये हवेवर जगणारे जंतू वाढणार नाहीत आणि निकाल उगाच स्वच्छ दिसेल.

---

पत्रा_आणि_पाना

एक भर. शेल्फमधलं सिलिकॉन तेल. ट्रे उघडे असल्याने लवचिक होजमधला एक थेंबसुद्धा थेट मालात. होजना शेल्फ वर-खाली होताना दर वेळी वाक बसतो आणि उणे ४५ ते १२१ अंशांचा ताण. तेलाच्या टाकीची पातळी थंड असताना ठरावीक तापमानाला नोंदवा, नाहीतर तेलाचं आकुंचन-प्रसरण गळती लपवतं. होज वेळेवर बदला, फुटायची वाट पाहू नका.

पंप तेलाचा असेल तर ब्लीडमधून नायट्रोजनचा प्रवाह चालू राहील अशा दाबावरच काम करा. प्रवाह थांबला की तेलाची वाफ उलटी चेंबरकडे सरकते. ड्राय पंप असेल तर ही काळजी संपली.

---

चाळणी

काढणी आणि मिलिंगचं मी लिहितो.

१२ टक्के द्रावणाचा केक म्हणजे मिलीलीटरला जेमतेम ०.१२ ग्रॅम, द्रव जेवढी जागा व्यापत होता तेवढीच केक व्यापतो. मिलिंगनंतर थोडा दबतो. कॅनिस्टर मोजताना हे विसरलं की शेवटच्या शेल्फचा माल ठेवायला भांडं नसतं आणि उघडा राहतो.

व्हॅक्यूम तोडताना नायट्रोजन एकदम सोडला तर झोताने वरच्या ट्रेमधली भुकटी कंडेन्सरपर्यंत जाते. पहिले १०० मिलीबार २० मिनिटांत, डिफ्यूजरमधून. सुकतानाही हेच घडतं: घन पदार्थ २-३ टक्क्यांच्या खाली असतील तर केक इतका हलका की वाफच त्याला उचलते. म्हणून द्रावण १० टक्क्यांच्या आसपास ठेवणं केवळ उत्पादनासाठी नाही. वरून ईपीटीएफई (सच्छिद्र टेफ्लॉन) पडदा असलेले बंद ट्रे मिळतात. वाफ बाहेर जाते, भुकटी आणि जंतू अडतात. पण त्यांचा तळ लवचिक पातळ फिल्मचा असतो, म्हणून सायकल नव्याने बसवावी लागते, स्टीलची जशीच्या तशी चालत नाही.

केक काढायची खोली ग्रेड ए (सर्वात स्वच्छ दर्जाची), शक्यतो आयसोलेटर (हातमोज्यांतून काम करायची बंद पेटी), सापेक्ष आर्द्रता २० टक्क्यांच्या आत. अमॉर्फस सोडियम सॉल्ट अर्ध्या तासात हवेतलं पाणी ओढतो. ५० टक्के आर्द्रतेत काढलेला माल बघून सेकंडरी वाढवत बसलेले लोक आहेत. तिथे दोष सायकलचा नव्हता. स्टीलच्या खुरप्याने स्टीलचा ट्रे खरवडू नका. त्या घासण्यातून येणारे धातूचे कण विरघळवल्यावर कणमोजणीत दिसतात, आणि १० आणि २५ मायक्रॉनच्या मर्यादा पाळणं नंतर कुणाच्याही हातात राहत नाही. केक नीट सुकला असेल तर ट्रे कलवला की आपोआप सुटतो. चिकटला म्हणजे तळ वितळला होता, तो ट्रे वेगळा ठेवा.

मिलची चाळणी १ ते २ मिमी, वेग कमी. वेग वाढवला की फाइन्स (अतिबारीक कण) वाढतात, भुकटी वाहत नाही आणि पुढे व्हायल भरताना वजन हलतं.

---

काचबिंदू

पर्याय म्हणून, द्रावणाचे थेंब थंड वायूत फवारून गोठलेल्या गोळ्या करायच्या आणि त्या फिरत्या ड्रममध्ये व्हॅक्यूमखाली सुकवायच्या, ही पद्धत बल्कसाठी मनापासून आवडते. ट्रे नाही, तळाची फट नाही, मिलिंग नाही, आणि भुकटी वाहती. पण स्टराइल आणि व्हॅक्यूममध्ये फिरणारा ड्रम धुणं, वाफवणं आणि त्याची सील्स सांभाळणं हे सोपं काम नाही. पाण्यात न विरघळणाऱ्या किंवा न टिकणाऱ्या मालाला टर्शरी ब्यूटॅनॉल मिसळतात. अल्प्रोस्टॅडिलचं एक इंजेक्शन २० टक्के टर्शरी ब्यूटॅनॉलमधून सुकवलं जातं. वेग चांगला मिळतो, पण ज्वलनशीलता आणि राहिलेलं सॉल्व्हंट दोन्ही सांभाळायचं. तुमच्या मालाला यातलं काही लागणार नाही.

---

शीतकपाट

सर्वांचे आभार. यावरून बांधलेली सायकल:

सगळे ट्रे मोजून क्रमांकित, अर्ध्या मिमीच्या वरचे बाजूला. खोली १२ मिमी. शेल्फ उणे ४५ ला ३ तास, उणे १५ ला ४ तास, पुन्हा उणे ४५ ला २ तास. दाब ०.१३. शेल्फ उणे ८, पिरानी आणि कपॅसिटन्स जुळेपर्यंत, वर २० टक्के वेळ, मग दाबवाढ चाचणी. त्यानंतर मिनिटाला अर्ध्या अंशाने ४० पर्यंत, ८ तास.

---

हिमकण

एक सोडून बाकी पटलं. अमॉर्फस मालाला मिनिटाला अर्धा अंश फार. प्रायमरी संपलं तरी केकमध्ये १५-२० टक्के पाणी असतं आणि त्या पाण्यामुळे त्याचं काचबिंदू तापमान (ज्याच्या वर केक मऊ पडतो ते) खालीच असतं. तापमान पाणी निघण्याच्या वेगापुढे धावलं की केक आक्रसतो. मिनिटाला ०.१ अंश ठेवा. उणे ८ ते ४० म्हणजे ४८ अंश, ८ तास. हे ८ तास वाया जात नाहीत, बरंचसं पाणी याच चढणीवर निघतं. दाब मात्र इथे आणखी कमी करायची गरज नाही, ०.२५ मिलीबारच्या खाली सेकंडरीच्या वेगाला त्याने फरक पडत नाही.

---

प्रमाणपत्र

आणि नमुना मिलिंगच्या आधी घ्या. मिलिंग आणि ब्लेंडिंगनंतर ३.५ टक्क्यांचा तळ आणि ०.८ टक्क्याच्या कडा मिसळून कार्ल फिशर (पाणी मोजायची चाचणी) १.७ दाखवतो, बॅच पास होते, आणि तो ओला भाग कॅनिस्टरमध्ये महिनोन्‌महिने शेजारच्या कोरड्या भुकटीला पाणी देत बसतो. अशुद्धी सहाव्या महिन्याच्या स्टॅबिलिटीत दिसते.

पहिल्या तीन बॅचेसना वरचा, मधला आणि खालचा शेल्फ. प्रत्येकावर दाराजवळचा, मधला आणि मागचा ट्रे. प्रत्येक ट्रेत मध्यभाग आणि एक कोपरा, दोन्ही ठिकाणी तळाचा ३ मिमी थर वेगळा. १८ जागा. दाराजवळच्या ट्रेंना दारातून किरणांची उष्णता मिळते, ते लवकर सुकतात, त्यांचा आकडा पाहून खूश होऊ नका. मधल्या शेल्फवरचा मधला ट्रे, त्याचा मध्यभाग, तळाचा थर: तो २ टक्क्यांच्या आत आला की मग बाकीचे बघा.